चौसष्ट पट्ट्यांची ऑर्डर

यवतमाळ, ११ फेब्रुवारी २०२४

मा. व्यवस्थापक,
हेमा इलेक्ट्रिकल वर्क्स, शनिवार पेठ, पुणे ३०

नमस्कार. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, माहीत नाही. मी शुभंकर गावंडे. इथल्या पॉलिटेक्निकात प्रयोगशाळा सहायक आहे आणि फावल्या वेळात घरी ॲम्प्लिफायर बांधतो. धंदा नाही, नुसता छंद.

दोन वर्षांपूर्वी एक जुना ॲम्प्लिफायर हाती आला. त्यात तुमची सहा बटणांची पट्टी होती. एका ओळीत रेडिओ, टेप, रेकॉर्ड प्लेअर अशी बटणं. एक दाबलं की आधीचं आपोआप वर येतं, आणि स्पीकरमध्ये जराही खरखर नाही. दाबताना बोटाला इतकं बरं वाटतं की मी उगाचच दाबत बसायचो. शेवटी ती तुटली, माझ्याच हातून. खाली तुमचं नाव आणि पत्ता उठवलेला होता, त्यावर हे पत्र टाकतोय.

नागपूरला सीताबर्डी पालथी घातली. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मित्राला पाठवलं, तुमच्याकडे तपकीर गल्लीत दुसऱ्याला. ऑनलाइन मिळतात त्या प्लॅस्टिकच्या, महिन्याभरात खरखरायला लागतात. दीड वर्ष शोधून राहिलो. तुमच्याकडे एखादी शिल्लक असली तर कृपया कळवा. फोन नंबर दिलात तर बरं होईल, माझा खाली दिला आहे.

आपला,
शुभंकर गावंडे

पुणे, १९ फेब्रुवारी २०२४

श्री. गावंडे यांस,

आपलं पत्र पोचलं. पोस्टमनने ते आधी शेजारच्या झेरॉक्सवाल्याला दिलं, कारण हेमा इलेक्ट्रिकल वर्क्स अशी पाटी इथे आता नाही. पाटी २०१६ साली पडली. ती परत लावावी असं एकही कारण मला सापडलं नाही.

व्यवस्थापक असा कुणी नाही. मालक, कारागीर आणि झाडूवाला हे तिन्ही हुद्दे माझ्याकडेच आहेत. वय शहात्तर. शेवटची ऑर्डर २००७ साली गेली. हेमा म्हणजे माझी पत्नी, ती २०१५ साली गेली. 'शोधून राहिलो' म्हणजे अजून शोधत आहात, असं मी समजतो.

तयार माल शून्य. एक पट्टी करून मिळणार नाही. प्रेसवर डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, बसवायला चार दिवस जातात, मग एक काढा नाहीतर शंभर. पन्नासाच्या खाली मी कधी प्रेसला हात लावला नाही, आणि आता तर लावण्याचा प्रश्नच येत नाही. राहतो मुलीकडे, कोथरूडला. रोज बसने गाळ्यावर येतो, कुलूप उघडतो, पेपर वाचतो, कुलूप लावतो आणि परत जातो. ३१ मार्चला गाळा घरमालकाच्या ताब्यात द्यायचा आहे. प्रेस भंगारात जाईल. थोडक्यात, आपलं पत्र सतरा वर्षं उशिरा आलं.

फोनचं म्हणाल तर, फोनवरची ऑर्डर मी उभ्या आयुष्यात घेतलेली नाही. फोनवर माणूस काहीही बोलतो. कागदावर लिहिताना दोनदा विचार करतो. आमच्याकडे कागद आला की ऑर्डर, नाही आला तर गप्पा.

पट्टी दाबायला बरं वाटतं असं आपण लिहिलंत. स्प्रिंगांचं काम हेमा बघायची. तिला सांगायची सोय नाही, तरी आभार.

अनंत खांबेटे

यवतमाळ, ४ मार्च २०२४

आदरणीय काका,

काका म्हटलं तर चालेल ना? तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मग आमच्या ऑडिओवाल्यांच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला, तुमच्या पट्टीचाही टाकला. ग्रुपवर सव्वादोनशे लोक आहेत. बंगळुरू, कोची, इंदूर, पार सिलिगुडीपर्यंत. सगळे माझ्यासारखेच वेडे. दिवसभर मोबाइल वाजत होता. कुणी म्हणे माझ्या आजोबांच्या रेडिओग्रामात ही होती, कुणी म्हणे असा काँटॅक्ट आता जपानवालेसुद्धा देत नाहीत.

मी विचारलं, बनवून मिळाल्या तर कोण घेईल? चौसष्ट जणांनी अंगठा वर केला. चौसष्ट. तुमची पन्नासाची अट पार झाली, काका. तुम्ही बनवल्यात तर उड्या पडतील. कागद लागतो म्हणालात, तर हा घ्या कागद.

गाळा देऊ नका हो इतक्यात.

तुमचा,
शुभंकर

पुणे, १२ मार्च २०२४

चि. शुभंकर यास,

काका म्हणालास तर 'चिरंजीव' लिहिणं भाग आहे.

ऑर्डर मिळाली. चौसष्ट पट्ट्या, प्रत्येकी सहा बटणं, म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी स्प्रिंगा आणि तितकीच बटणं. पैशांचं माल पसंत पडल्यावर बोलू, आगाऊ मी घेत नाही.

घरमालकाला भेटलो आणि दिवाळीपर्यंत गाळा सोडत नाही असं सांगितलं. तो म्हणाला, काका, काय करणार इथे बसून? मी म्हटलं, काम. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग तुझं पत्र दाखवलं. झेरॉक्सवाल्यालाही दाखवलं, त्याने न मागता दोन प्रती काढून दिल्या.

डाय पेटीत होती, ग्रीस लावून ठेवलेली. हेमाने तिच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली होती. उघडायला सकाळचे दोन तास गेले. त्यातला तासभर मी नुसता बसून होतो, ते कामाच्या वेळेत धरत नाही.

मुलगी कादंबरी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला टपलेली आहे. किरकोळ आहे, ह्या वयात सगळ्यांनाच असतं. तिला सांगितलं, आधी ऑर्डर, मग डोळे. ती चिडली. तिची आईही अशीच चिडायची, पण ती चिडून स्प्रिंगा करायला बसायची.

खूप वर्षांनी सकाळी उठल्यावर आज काय करायचं ते माहीत होतं. हे लिहिण्यासारखं नाही, पण लिहिलं.

अनंत खांबेटे

यवतमाळ, २१ एप्रिल २०२४

आदरणीय काका,

उत्तराला उशीर झाला, माफ करा. परीक्षा चालू होत्या, इकडे ऊनही चव्वेचाळीसवर गेलंय.

काम सुरू केलंत हे वाचून आनंद झाला आणि जरा धास्तीही वाटली. काका, तुम्ही अजिबात घाई करू नका. कुणाचं काही अडलेलं नाही. ग्रुपवर सध्या जरा शांतता आहे, लोक आपापल्या कामात असतात. तुम्हाला जमेल तेवढंच करा, आणि नाही जमलं तरी काही हरकत नाही. खरंच नाही. डोळ्यांचं मात्र आधी बघून घ्या, असं मला वाटतं.

तुमचा,
शुभंकर

पुणे, ६ मे २०२४

चि. शुभंकर यास,

घाई करू नका असं लिहिणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं. पूर्वी लोक सोमवारी ऑर्डर द्यायचे आणि मंगळवारी दारात उभे राहायचे. तुझ्या ह्या समजूतदारपणाने मला जास्तच लाज वाटली, म्हणून वेग वाढवला आहे.

अडचणी सांगतो. चांदीचा मुलामा देणारा आमच्या पेठेतला माणूस दुकान विकून मुलाकडे गेला. आता भोसरीला जावं लागतं. दोन बस बदलून गेलो, त्याने बटणांखालच्या पात्या हातात घेतल्या आणि विचारलं, आजोबा, हे कशाचं आहे? मी सांगितलं. तो म्हणाला, आता हे कोण वापरतं? मी तुझं पत्र पुढे केलं. त्याने मान डोलावली आणि पात्या ठेवून घेतल्या. परवा हडपसरलाही जाऊन आलो, पितळी पट्टी बघायला. मिळाली नाही, पण फिरणं झालं.

स्प्रिंगा मी स्वतः वळतोय. पहिल्या शंभर फेकून दिल्या. हेमा बोलता बोलता करायची, त्यामुळे मला वाटायचं सोपं आहे.

अक्षर मोठं आलंय, वही नवीन आहे. तुझ्या मंडळींना सांग, पावसाळ्यात माल निघेल.

अनंत खांबेटे

यवतमाळ, १० जून २०२४

आदरणीय काका,

एक विचारायचं होतं. समजा चौसष्टच्या ऐवजी कमी लागल्या तर तुम्हाला फार त्रास होईल का? म्हणजे समजा काही लोकांचं मन बदललं. असं होतं कधी कधी, ग्रुपवर अंगठा दाखवायला काय लागतं. मी आपलं आधी विचारून ठेवतोय.

तुमचा,
शुभंकर

पुणे, १७ जून २०२४

चि. शुभंकर यास,

सगळ्यांचे सुटे भाग तयार झाले, आता जोडणी चालू आहे. चौसष्टातली एकही कमी होणार नाही. जे मागे सरले असतील त्यांची नावं आणि पत्ते कळव, एकेकाला मी स्वतः पत्र लिहितो. माल हातात पडला की माणूस बदलतो. बटण एकदा दाबून बघू देत, मग बोला म्हणावं.

तू काळजी करतोस हे कळतं. तुझ्या शब्दावर मी हे घेतलं असं वाटून घेऊ नकोस. मला काम हवं होतं आणि कुणालातरी माल हवा होता. एवढी साधी गोष्ट आहे. ती इतक्या वर्षांत पुन्हा घडेल असं वाटलं नव्हतं.

अनंत खांबेटे

कोथरूड, २४ जून २०२४

श्री. शुभंकर गावंडे यांस,

मी कादंबरी दामले, अनंत खांबेटे यांची मुलगी. तुमचा नंबर बाबांच्या फाइलीत आहे, पण फोनवर मी नीट बोलू शकले नसते, म्हणून लिहितेय.

बाबांनी तुम्हाला काय काय कळवलंय मला माहीत नाही. जे कळवलं नसेल ते सांगते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतिबिंदू पिकलेला आहे. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही. बसची पाटी वाचता येत नाही, म्हणून जी येईल तिच्यात चढतात. मे महिन्यात असेच हडपसरला पोचले होते. कंडक्टरने मला फोन केला, मी ऑफिस सोडून आणायला गेले. ह्या महिन्याच्या सुरुवातीला प्रेसमध्ये डाव्या हाताचा अंगठा सापडला. चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून पुन्हा गाळ्यावर. ऑपरेशनची तारीख मी दोनदा घेतली, दोन्ही वेळा त्यांनी मोडली. माल पसंत झाल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नाहीत, असं म्हणतात.

मला एवढंच विचारायचं आहे. तुमच्या त्या ग्रुपवरच्या किती जणांना ह्या पट्ट्या खरोखर हव्या आहेत? खरा आकडा सांगा. मी त्यांना काही बोलणार नाही.

कादंबरी दामले

यवतमाळ, १ जुलै २०२४

आदरणीय ताई,

तुमचं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. खरा आकडा सांगतो. एकही नाही.

मार्चच्या शेवटी ग्रुपवर कुणीतरी एका चिनी सर्किटची लिंक टाकली. बटणंच नाहीत त्याला, रिमोटने चालतं, खरखर नाही, आठवड्यात घरी येतं. सगळ्यांनी तेच मागवलं. काकांच्या पट्टीचा विषय निघालाच नाही पुन्हा. मी दोनदा आठवण केली, तर एकाने हसण्याची खूण टाकली. आणि ताई, मीसुद्धा तेच लावलं. एप्रिलमध्ये. काकांना 'घाई करू नका' लिहिलं ना, तेव्हा ते माझ्या टेबलावर चालू होतं.

तेव्हाच स्पष्ट लिहायला हवं होतं. दर वेळी लिहायला बसायचो, मग त्यांचं ते 'सकाळी उठल्यावर काय करायचं ते माहीत होतं' वाक्य समोर यायचं आणि माझा धीर सुटायचा. वाटायचं, ते आपणच कंटाळून सोडून देतील. मी भित्रा आहे, दुसरं काय सांगू. तुम्ही म्हणाल तसं करतो. आज खरं लिहून टाकू का?

शुभंकर

कोथरूड, ८ जुलै २०२४

श्री. गावंडे,

आता खरं लिहिण्याची वेळ गेली. अर्ध्याहून जास्त पट्ट्या जोडून झाल्यात. आत्ता त्यांना कळलं तर ते ऑपरेशनही करणार नाहीत आणि जेवणारही नाहीत. आई गेली तेव्हा मी ते एकदा पाहिलंय.

माल येईल तो घ्या. आल्यावर त्यांना एक चांगलं, सविस्तर पत्र लिहा. सगळ्यांना वाटल्या, सगळे खूश आहेत, एकही तक्रार नाही, असं. ते पत्र आलं की मी त्यांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेते. चार महिने गोड बोललात, आणखी एक पत्र जड जाणार नाही.

कादंबरी दामले

पुणे, १९ ऑगस्ट २०२४

चि. शुभंकर,

चौसष्ट नग आज ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवले. पावती सोबत. प्रत्येक बटण बझर लावून तपासलं आहे. वाजलं नाही असं एकही नाही.

वाटून झाल्यावर कळव.

अनंत खांबेटे

यवतमाळ, २८ ऑगस्ट २०२४

आदरणीय ताई,

खोका आला. प्रत्येक पट्टी वेगळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर सुतळी, आणि सुतळीला नंबर लिहिलेला कागद. चौसष्ट सोडायला मला रविवार पुरला.

ताई, चालत नाहीत. रेडिओचं बटण दाबलं की टेपही बरोबर सुरू होतो, दोन गाणी एकदम वाजतात. आतल्या पात्या एकमेकींना चिकटल्यात. केसाएवढं अंतर ठेवायचं असतं तिथे, आणि त्यांना ते दिसलंच नसणार. बझर वाजतो, कारण जोड लागलेला असतो. शेजारचीही लागली आहे हे बझर सांगत नाही. चौसष्टातल्या नऊ ठीक आहेत. स्प्रिंगा मात्र सगळ्या उत्तम आहेत. बोटाला अगदी तशाच लागतात. मी पंचावन्न बिघडलेल्या पट्ट्या घेऊन दाबत बसलो आणि मग मला तिथे बसवेना.

मी दुरुस्त करून बघितलं. एकीला तासभर लागतो आणि पाती तुटते.

सोबत काकांना लिहायच्या पत्राचा मसुदा पाठवतोय. एकदा बघून द्या. मला योग्य शब्द सुचत नाहीत.

शुभंकर

यवतमाळ, ९ सप्टेंबर २०२४

आदरणीय काका,

माल मिळाला आणि सगळीकडे पोचलासुद्धा. काय सांगू तुम्हाला. कोचीच्या एका गृहस्थांनी लगेच बसवली, म्हणाले असं काम आता कुठे बघायला मिळत नाही. इंदूरवाल्यांनी फोटो पाठवला. सगळे तुमचं नाव घेताहेत. चौसष्टच्या चौसष्ट अगदी निर्दोष, एकाचीही तक्रार नाही. माझ्या ॲम्प्लिफायरमध्येही बसवली, खरखर नावाला नाही.

तुमच्या हातून हे काम झालं आणि आमच्यापर्यंत पोचलं, ह्याने आम्ही सगळे कृतार्थ झालो. आता तुम्ही निवांत व्हा आणि डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या, ही आम्हा सर्वांची विनंती. सर्वांच्या वतीने चेक सोबत जोडला आहे.

तुमचा,
शुभंकर

पुणे, २१ ऑक्टोबर २०२४

चि. शुभंकर यास,

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पंधरा दिवसांच्या अंतराने केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, आता सुईत दोरा ओवाल. कोथरूडच्या बाल्कनीतून समोरच्या सोसायटीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे दिसतात. अक्षर आता बारीक आलं आहे ते तुला दिसेलच.

काल गाळ्यावर गेलो. बसची पाटी वाचून गेलो. तुला पाठवल्या त्या चौसष्ट, पण मी सहासष्ट केल्या होत्या. दोन नमुने नेहमी स्वतःकडे ठेवायचे, पुढे तक्रार आली तर ताडून पाहायला. दोन्ही खिडकीशी नेऊन पाहिल्या. आत काय झालं आहे ते तुला माहीत आहे, मी पुन्हा सांगत नाही. असा माल हेमाने मला दाराबाहेर नेऊ दिला नसता.

माझ्या हातात एकीकडे ती पट्टी होती आणि दुसरीकडे तुझं पत्र. मी ते गेला महिनाभर खिशात घेऊन हिंडत होतो. दवाखान्यात बँडेज बांधलेलं असताना कादंबरीकडून दोनदा वाचून घेतलं. तिने फार छान वाचलं. काल ते पहिल्यांदा माझ्या डोळ्यांनी वाचलं. 'कृतार्थ' हा शब्द तुझा नाही. तू 'शोधून राहिलो' लिहिणारा माणूस. तो शब्द माझ्या मुलीचा आहे, दहावीपासून निबंधात घालते. म्हणजे तुम्हा दोघांचं आपापसांत ठरलं होतं. तिला मी काही बोललो नाही, तूही बोलू नकोस. तिला वाटतं मी आनंदात आहे, आणि तिने माझ्यासाठी खूप केलं.

तू खोटं बोललास ह्याचा राग नाही. धंद्यात सगळे बोलतात, मीही तुला हडपसरचं खोटं सांगितलं. वेगळीच गोष्ट सांगायची आहे.

पस्तीस वर्षांत माझ्या एकाही मालाला इतकं चांगलं पत्र आलं नव्हतं. मला यायच्या त्या शिव्या. एकदा चाळीसातल्या तीन पट्ट्या अडकत होत्या, तर गिऱ्हाईक रिक्षा करून आलं आणि सगळा खोका माझ्या दारात ओतला. भर रस्त्यात ओरडलं, खांबेटे, माझं काम तुमच्यामुळे ठप्प आहे. हेमा आणि मी तो माल गोळा करून आणला आणि दोन दिवसांत पुन्हा करून दिला. तेव्हा अपमान वाटला होता. ज्याला माल लागतो, तो असा भांडतो. तुझ्याकडे बहुतेक सगळ्या पट्ट्या कुचकामी गेल्या असणार आणि तुला राग आला नाही. चौसष्ट माणसांतल्या एकालाही आला नाही. तिथे मला कळलं की चौसष्ट माणसं नाहीतच. तू तरी असशील असं अजून वाटत होतं. पण तूही पट्टी बसवून पाहिली असतीस तर चिडला असतास.

तू एक ओळ लिहायची होतीस. 'काका, माल भिकार आहे, परत घ्या.' मी ऑपरेशन करून घेतलं असतं, दुसऱ्या दिवशी पळत जाऊन करून घेतलं असतं, आणि नव्या डोळ्यांनी सगळ्या पुन्हा केल्या असत्या. दोन महिने लागले असते. त्यासाठी मला चौसष्ट गिऱ्हाइकं नको होती. एक पुरलं असतं, खरं आणि भांडखोर.

आज सकाळी गाळ्याची किल्ली घरमालकाला दिली. प्रेस उद्या जाईल. चेक सोबत परत पाठवतो आहे.

तुझ्याकडचा खोका भंगारात घाल. देताना पितळ आणि बटणांचं बेकेलाइट वेगळं कर, एकत्र असलं तर घेत नाहीत. ह्या पत्राला उत्तर नको.

अनंत खांबेटे